हीटर मंदावला, तर इंजिनाकडे पाहा

सांगली-मिरज भागात मोटारीच्या हीटरची गरज वर्षातून मोजकेच दिवस भासते. त्यामुळे तो बिघडला तरी कोणी मनावर घेत नाही. परंतु डिसेंबरात पहाटे देवदर्शन उरकून सातारा, मेढामार्गे महाबळेश्वरास निघालेल्या कुटुंबास केळघर घाटात त्याची उणीव जाणवते. थंडी शालीने भागते. आतून बाष्प धरलेली समोरची काच निवळण्यास मात्र उष्ण झोत उपयोगी पडतो.

हीटरला स्वतंत्र शेगडी नसते. इंजिन थंड राखणारे पाणी तापते, त्याचा काही भाग डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरमधून फिरतो आणि पंखा ती ऊब आत आणतो. म्हणून जुन्या गाडीतील मंद हीटर हा पुष्कळदा इंजिनाच्या प्रकृतीचाच इशारा असतो.

प्रथम इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. ती उतरली असल्यास गळती शोधावी. केवळ भर घालून घाट चढणे म्हणजे इंजिन धोक्यात घालणे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उसळते.

पातळी योग्य असेल, तर वीस मिनिटे गाडी चालवून तापमानाचा काटा पाहावा. तो खालीच रेंगाळल्यास थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. पाणी साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअस तापेपर्यंत ही झडप ते मुख्य रेडिएटरकडे जाऊ देत नाही. उष्ण भागात काही कारागीर ती काढूनच टाकतात. मग इंजिन पुरेसे तापत नाही आणि इंधनाचा खर्च वाढतो.

काटा मध्यावर असल्यास हीटरचे दोन पाइप कारागिराकडून तपासून घ्यावेत. दोन्ही गरम असतील, तर दोष आतील हवेची झडप, तिची केबल किंवा पंखा यांत असतो. एक गरम व दुसरा गार असेल, तर वॉल्व्ह बंद आहे किंवा नळ्या तुंबल्या आहेत. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने नळ्यांत असा थर साचतो.

गाडीत गोडसर वास, ओले मॅट व काचेवर चिकट थर दिसल्यास आतील रेडिएटर गळत आहे असे समजावे. बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. रस्त्यावर सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात व प्राणास मुकतात. तेव्हा जुने कूलंट गटारात न सोडता बंद डब्यात काढून घेण्यास गॅरेजमध्ये आवर्जून सांगावे. जीवदया पाळणाऱ्या घराची गाडीही त्याला अपवाद नसावी.