गडचांदूरहून अमेरिकेच्या विद्यापीठात : अर्ज कसा करायचा?

दरवर्षी १६ ऑक्टोबरला आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातो. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. परतताना गाडीत 'शिका' या शब्दावर भरपूर बोलणे होते. पण बाबासाहेब स्वतः अमेरिकेला शिकायला कसे गेले, हे विचारले की आपली पोरे गप्प होतात.

जानेवारी १९१३ मध्ये ते बी.ए. झाले. जूनमध्ये बडोदा संस्थानाशी शिष्यवृत्तीचा करार झाला : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले. बुद्धी त्यांची होतीच, पण वेळेवर केलेला अर्ज आणि वेळेवर मिळालेला पैसा हेही त्यामागे होते. आपल्या गडचांदूर, कोरपना, राजुरा, जिवतीच्या मुलामुलींचे घोडे याच दोन गोष्टींवर अडते. म्हणून हा लेख.

पैसा कोठून येतो?

सिमेंट कारखान्यात कंत्राटी कामाला जाणाऱ्या बापाने शेत विकावे, असे आम्ही कोणालाच सांगणार नाही. आधी हे मार्ग पाहा.

१. बारावीनंतर : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश मिळाल्यास लागेल तेवढी मदत करतात. स्पर्धा मात्र भयंकर असते.

२. एम.ए., एम.एस. : येथे विद्यापीठाकडून मदत कमी मिळते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, जागा ७५. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. केंद्राची उत्पन्न मर्यादा वर्षाला ८ लाख, वय ३५ च्या आत, पदवीला किमान ६० टक्के आणि विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये हवे. राज्याच्या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचूनच विद्यापीठे निवडा.

३. पीएच.डी. : चांगल्या विद्यापीठांत बहुतेक वेळा फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळते. हा मार्ग आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे.

वेळापत्रक

अमेरिकेत मुख्य प्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरचा. अर्जाची मुदत मात्र त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत संपते. म्हणजे तयारी सव्वा वर्ष आधी सुरू करावी लागते.

मे-जून : पासपोर्ट काढा. दहावीची सनद, आधार आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरशः एक असू द्या. तहसीलचा उत्पन्न दाखला, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता तयार ठेवा. केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातले जात प्रमाणपत्र लागते, तेही काढून ठेवा.

जुलै-सप्टेंबर : टोफेल किंवा आयईएलटीएस द्या, निकाल दोन वर्षे चालतो. जीआरई अनेक विभागांनी बंद केली आहे, तेव्हा विचारल्याशिवाय पैसे भरू नका. विद्यापीठातून गुणपत्रिकांची अधिकृत प्रत मागवा, तिला वेळ लागतो. तीन वर्षांची पदवी चालते का, हे प्रत्येक विभागाला ई-मेल करून विचारा. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही.

ऑक्टोबर-डिसेंबर : उद्देशपत्र लिहा आणि अर्ज भरा. अर्जाची फी सहसा ७० ते १०० डॉलर असते. ती माफ करण्याची विनंती करता येते. मागायला लाजू नका.

मार्च-एप्रिल : निकाल लागतात. आर्थिक मदतीसह आलेल्या पदव्युत्तर प्रवेशाचे उत्तर देण्यासाठी बहुतेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. सरकारी शिष्यवृत्तीला विनाअट प्रवेशपत्र लागते. तिचा निकाल लांबला, तर प्रवेश पुढे ढकलण्याची विनंती विद्यापीठाला लेखी करा.

त्यानंतर : पैशाचा पुरावा दाखवला की विद्यापीठ आय-२० देते. मग ३५० डॉलर सेव्हिस फी आणि व्हिसाची मुलाखत. कार्यकर्त्यांनी एक ध्यानात ठेवावे : जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले जाते.

आम्ही केलेली चूक

आमच्यातल्या एकाचा पहिला अर्ज शिफारसपत्रावर अडला. प्राध्यापक म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." पण तिकडे शिफारस शिक्षकाने स्वतःच्या ई-मेलवर आलेल्या दुव्यावरून भरायची असते. मुदत संपली, वर्ष गेले. म्हणून तीन शिक्षकांना दोन महिने आधी भेटा, आपले काम लिहून द्या आणि आठवण करत राहा.

उद्देशपत्रात नुसती गरिबीची कहाणी लिहू नका. सिमेंटची धूळ आपल्या वस्तीवर रोज बसते. त्या धुळीबद्दल तुम्हाला कोणता प्रश्न पडला, तो सोडवायला काय वाचले, काय केले आणि त्याच विभागात का शिकायचे आहे, ते लिहा. एजंटाकडून विकत घेतलेले पत्र लगेच ओळखू येते.

तिकडेही जात आहे

जात समुद्र ओलांडून गेली आहे, पण लढाही गेला आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये जातीच्या भेदभावाला नियमाने मनाई केली. २०२३ मध्ये सिएटल शहराने तसा कायदा केला. विद्यापीठ निवडताना हेही पाहा.

शेवटी एक विनंती. विहारात रविवारी वंदना झाली की एक तास अर्ज भरणाऱ्यांसाठी ठेवा. एक संगणक, एक इंग्रजी जाणणारा आणि तारखांचा एक फलक एवढे पुरे. जो जाईल, त्याने पुढच्या दोघांचे अर्ज तपासून द्यावेत. बाबासाहेबांना करार करावा लागला होता. आपण हा करार समाजाशी आपणहून करू.

जय भीम!