वार्धक्याची सबब : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात दात आणि हिरड्या यांचे प्रकरण संपवताना असे म्हटले होते की, रस्त्यावरून घरी आणलेल्या वृद्ध कुत्र्याच्या बहुतेक व्याधींना घरातली माणसे एकच नाव देतात, आणि ते नाव म्हणजे म्हातारपण. कुत्रा पाणी फार पितो, म्हातारा झाला. जिना चढताना मधल्या वळणावर बसकण मारतो, म्हातारा झाला. हाकेला मान वळवीत नाही, हात लावला की गुरगुरतो, रात्री लादी ओली करतो, या सर्व तक्रारी त्या एका सबबीवर निकालात काढल्या जातात. वार्धक्य हा रोग नव्हे. मात्र रोगाला दडून बसण्यास त्याहून सोयीची जागा दुसरी नाही.

मुळात रस्त्यावरचा कुत्रा म्हातारा होऊ लागला, हीच आपल्याकडे अलीकडची गोष्ट आहे. कंपनी सरकारच्या अमलात मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम होता, आणि त्यावरूनच १८३२ च्या जून महिन्यात कोटातील पारशी रहिवाशांनी व त्यांच्या जोडीने इतरांनीही मोठा दंगा केला. तरीही कुत्री मारण्याचा परिपाठ नगरपालिकांतून पुढे दीर्घकाळ चालूच राहिला. २००१ मध्ये केंद्र सरकारने श्वानांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले, तेव्हा मारण्याच्या जागी निर्बीजीकरण आणि रेबीजची लस आली, आणि पकडलेला कुत्रा शस्त्रक्रियेनंतर उचलला त्याच ठिकाणी परत सोडावा असा दंडक झाला. २०२३ मध्ये ते नियम नव्याने जारी झाले, पण तो दंडक कायम राहिला. आजही गल्लीतली बहुतेक पिल्ले मोठी होत नाहीत. परंतु जी तगतात त्यांतली काही ठाकुर्लीच्या रिक्षास्टँडवर किंवा नौपाड्यातल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी दहा-बारा वर्षांची होतात, आणि पाय थकल्यावर कोणीतरी त्यांना घरी नेते. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, पण माझ्या पाहण्यातल्या चित्रकारांनी ती चारही ऐन उमेदीतली रंगवलेली आहेत. म्हाताऱ्या कुत्र्याचे ध्यान आपल्या डोळ्यांना सवयीचे नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

अशा कुत्र्याचे दप्तर नसते. जन्मतारीख नाही, लसींची नोंद नाही, पूर्वी कोणता ताप आला आणि कोणते हाड मोडून आपोआप सांधले याचा पुरावा त्याच्या शरीराखेरीज कोठेही नाही. दातांवरून वय सांगण्याची रीत पिल्लांच्या बाबतीत बरीच भरवशाची आहे; पण दगड, हाडे आणि प्लॅस्टिक चावून झिजलेल्या दातांवरून पशुवैद्य फक्त अंदाज बांधू शकतो. एक सरकारी खूण मात्र बहुधा सापडते. कान बोटांत धरून त्याच्या टोकाशी अंगठा फिरवावा. तेथे सरळ कापलेली किंवा त्रिकोणी खाच लागली, तर निर्बीजीकरण झाले आहे असे समजावे. ही खाच भूल दिलेल्या अवस्थेतच घेतात. लसीचा कागद नसेल, तर लस झालेली नाही असे धरून रेबीजची लस टोचून घ्यावी आणि ती दरसाल चालू ठेवावी. या बाबतीत म्हातारपणाची सवलत नाही. डोंबिवलीत निलेश भणगे यांची ‘पॉज’ आणि ठाण्यात एसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या परिचित संस्था आहेत. आणि प्रकरण हाताबाहेर जाऊ लागले, तर परळला १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्याच्या आवारातील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे.

आता पाण्याचे. सकाळी मापाच्या भांड्याने पाणी मोजून वाडग्यात ओतावे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले मोजून वजा करावे, एवढ्या जमाखर्चाने जे कळते ते अनेकदा नुसते पाहून कळत नाही. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण पन्नास-साठ मिलिलिटर पाणी पितो. हाच आकडा शंभरापलीकडे गेला, म्हणजे पंधरा किलोचा कुत्रा दीड लिटरहून अधिक पाणी रोज संपवू लागला, तर त्याची चौकशी झालीच पाहिजे. मूत्रपिंडांचा सुमारे दोन तृतीयांश भाग निकामी झाला की त्यांना लघवी दाट करता येत नाही, ती पातळ आणि पुष्कळ होते, आणि गेलेले पाणी भरून काढण्यासाठी कुत्रा पुन्हा पुन्हा वाडग्याकडे जातो. म्हणजे लादीवरची ओल ही खोड नसून मूत्रपिंडांनी दिलेली पहिली वर्दी असते. मधुमेहातही असेच होते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून फिरलेल्या कुत्र्याला उंदरांच्या लघवीतून लेप्टो होऊ शकतो. तो मूत्रपिंडे पोखरतो आणि माणसालाही लागतो. आणि कानाला खाच नसलेल्या म्हाताऱ्या कुत्रीने माज येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत एकाएकी पाणी वाढवले, अन्न सोडले, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तेथे एका रात्रीची मुदतही महाग पडते.

लादी ओली होण्याचे दुसरे कारण रोगात नसून लोकलच्या वेळापत्रकात असते. घरातली दोन कर्ती माणसे सकाळी साडेसातच्या सुमारास बाहेर पडून रात्री साडेआठला परततात, असे कुटुंब आपल्या पट्ट्यात अपवाद नव्हे. तरुण कुत्रा तेवढा वेळ कसाबसा दम धरतो, पण वृद्धाला पाच-सहा तासांपलीकडे तो धरवत नाही, आणि मूत्रपिंडे दुबळी असली तर तेवढाही नाही. दुपारी कोणी खाली नेणारा मिळाला तर उत्तमच. नाही तर गॅलरीत मातीने किंवा हरळीने भरलेले पसरट घमेले ठेवावे. आयुष्यभर मातीवर गेलेला कुत्रा ते लवकर ओळखतो. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणे हा मात्र निव्वळ अन्याय आहे, आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला तो मारक ठरतो.

सांध्यांची कैफियत कुत्रा ओरडून मांडत नाही. रस्त्यावर लंगडेपणा दाखवणाऱ्याचा ठाव दुसरे कुत्रे घेतात, म्हणून त्याने तो लपवण्याचीच सवय केलेली असते. उठताना पुढचे पाय आधी ताठ करून मागचा भाग ओढून घेणे, पुढच्या पायाचे मनगट तासन्‌तास चाटणे, कंबरेला हात लागताच मान वळवून दात दाखवणे, ही त्याची जबानी. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे मागचे पाय फाकतात. तेव्हा वाडग्यापासून अंथरुणापर्यंत आणि अंथरुणापासून दारापर्यंत गोणपाट किंवा रबरी पट्टा अंथरावा. लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारती डोंबिवलीत काही थोड्या नाहीत. जिना उतरवताना जुना टॉवेल त्याच्या पोटाखालून, मांड्यांच्या पुढे घालून दोन्ही टोके वर धरावीत. पुढचे पाय तो आपले आपण टाकतो, मागचा भार आपल्या हातात राहतो. लिफ्ट असूनही सोसायटी अडवीत असेल, तर पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत सचिवांच्या हाती ठेवावी. आणि घरच्या डब्यातली वेदनाशामक गोळी कदापि देऊ नये: आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे बंद पडतात. कुत्र्यासाठीची निराळी औषधे आहेत, पण तीही रक्त तपासल्यावाचून दीर्घकाळ चालवू नयेत.

डोळे आणि कान यांविषयी थोडक्यात. बुबुळामागे दिसणारी निळसर झाक बहुधा भिंगाला वयोमानाने आलेली असते आणि तिने दृष्टी फारशी जात नाही. दुधासारखा पांढरा पडदा मात्र मोतीबिंदूचा. दिसेनासे झालेल्या कुत्र्याच्या घरात पलंग-कपाटांची बदली करू नये. बहिऱ्याला मागून स्पर्श करू नये. जमिनीवर पाय आपटला तर त्याला हादरा कळतो.

राहिला श्वास. कुत्रा गाढ झोपला असताना छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजावे. आकडा वारंवार तिसाच्या वर जाऊ लागला, तर हृदयाच्या झडपेची तपासणी करून घ्यावी. हा आकडा, पाण्याचा हिशेब आणि वजन एका वहीत तारीखवार लिहावे, कारण दवाखान्यातल्या पत्र्याच्या टेबलावर भेदरलेला कुत्रा लंगडत नाही, धापही टाकत नाही, आणि डॉक्टरांना त्याच्यासाठी मिळणाऱ्या दहा मिनिटांत वहीइतकी बोलकी साक्ष दुसरी नसते. जिन्यावरची चाल मोबाइलवर टिपून नेली तर अधिक बरे.

मध्यरात्री उठून कोपऱ्यात तोंड घालून उभा राहणारा, ओळखीचे दार विसरणारा कुत्रा हा निराळा विषय आहे. तो पुढील लेखांकी.