वाटेचा कांठ

लुगड्याचा कांठ हा शोभेसाठीं असतो, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु विणकराच्या दृष्टीनें कांठाचें पहिलें काम वस्त्राची वीण कडेनें उसवूं न देणें हें होय. रंग आणि नक्षी हीं त्यावर मागाहून चढलेलीं लेणीं. घरापुढील वाटेच्या दोन्ही बाजूंस सिमेंट-काँक्रीटचे जे दगड बसविलेले दिसतात, त्यांची गोष्ट अशीच आहे. बाजारांत त्यांना कर्बस्टोन म्हणतात. आवार नीटनेटकें दिसावें म्हणून ते बसवावयाचे, असा बहुतेकांचा समज असतो. आणि समज असा असल्यामुळेंच ते पुष्कळदां चुकीच्या रीतीनें बसविले जातात. दोन पावसाळे लोटतात न लोटतात तों एखादा दगड बाहेर कलतो, दुसरा खचतो, आणि त्यांच्या मागोमाग वाटच उसवूं लागते. यास्तव या दगडांचें खरें काम कोणतें, आणि तें त्यांच्याकडून करून घेण्यासाठीं काय करावें लागतें, हें घरमालकानें समजून घेणें अगत्याचें आहे.

वाट बहुधा मधून मोडत नाहीं. ती कडेनें मोडते. धान्याच्या राशीवर हात दाबला असतां दाणे केवळ खालीं दबत नाहींत, ते चहूंबाजूंस सरकतात. मुरूम, खडी व वाळू यांचे थर चाकाखालीं असेच वागतात. वाटेच्या मध्यभागीं या सरकण्यास शेजारच्या खडीचा अटकाव होतो. कडेला मात्र पलीकडे मोकळी माती असते. तेथें थर बाहेर ढकलले जातात, वरचा पृष्ठभाग निराधार होऊन तडकतो, तडींतून पाणी आंत शिरतें, आणि पाण्यानें मऊ झालेला थर पुढच्या चाकाखालीं आणखी सरकतो. पेव्हर ब्लॉक म्हणून जे लहान ठोकळे हल्लीं अंगणांत बसवितात, त्यांच्या बाबतींत तर हें अधिकच खरें आहे. ते एकमेकांस चिकटविलेले नसतात; वाळूच्या थरावर जवळ जवळ दाबून बसविलेले असतात. कांठ सुटला कीं त्यांच्या फटी रुंदावूं लागतात. तात्पर्य, कांठाचा दगड म्हणजे वाटेला दोन्ही बाजूंनीं आवळून धरणारा पट्टा होय.

हें ज्ञान नवें नाहीं. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअसच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांतील उंच पदपथ आणि त्यांच्या कडेचे दगड आजहि पाहावयास मिळतात. पुढें शतकानुशतकें हें काम घडीव दगडानेंच केलें. लीड्स येथील गवंडी जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, आणि कालांतरानें पाथरवटाच्या छिन्नीचें काम साच्याकडे आलें. दगड साच्यांतून निघूं लागला, तरी त्याचें कर्तव्य बदललें नाहीं.

काम आरंभण्यापूर्वीं पहिला विचार दगडाचा नव्हे, तर पाण्याचा करावा. समजा, फाटकापासून घरापर्यंतची गाडीवाट २० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. तिचें क्षेत्रफळ ६० चौरस मीटर झालें. एका तासांत ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढ्या वाटेवर ३,००० लिटर पाणी पडतें. कांठ नसतांना हें पाणी वाट फुटेल तिकडे मातींत उतरून जात होतें. दोन्ही बाजूंस उंच कांठ घातल्याबरोबर वाटेची पन्हळ बनते, आणि सारें पाणी उताराच्या टोंकाला जाऊन थडकतें. तें टोंक घराच्या जोत्याकडे असेल, तर घरमालकानें स्वतःच्या पैशानें आपल्याच जोत्यांत पाणी मुरविण्याची व्यवस्था केली, असें होईल. म्हणून वाटेला घरापासून दूर जाणारा ढाळ असावा. आडवा ढाळ ४० स १ ठेवल्यास ३ मीटर रुंदींत एक बाजू साडेसात सेंटिमीटर खालीं येते. एवढा ढाळ डोळ्यांस खुपत नाहीं, पण पाण्याला पुरतो. खालच्या बाजूच्या कांठांत ठिकठिकाणीं मोकळीं तोंडें ठेवावीं आणि तेथून पाणी बागेंतील चराकडे अथवा गटाराकडे न्यावें.

दुसरा विचार जमिनीचा. देशावरील काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर बसविलेला दगड तिच्याबरोबर वर-खालीं होणारच. अशा ठिकाणीं चर अधिक खोल खणून ती माती काढून टाकावी, आणि मुरमाचे पातळ थर घालून, प्रत्येक थरावर बेताचें पाणी शिंपडून, ते धुमसानें घट्ट करावेत. कोंकणांतील जांभ्याची जमीन या बाबतींत पुष्कळ बरी; तथापि भर घातलेली माती कोठलीहि असो, ती न ठोकतां तिच्यावर काम उभारूं नये.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं या. गाडीवाटेसाठीं ४५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर उंच आणि १५ सेंटिमीटर जाड असा दगड घेतला, तर त्याचें वजन सुमारें ४८ किलोग्रॅम भरतें. २० मीटर वाटेच्या दोन्ही बाजूंस असे सुमारें ८७ दगड लागतील. म्हणजे चार टनांहून अधिक वजन हातांनीं उचलून जागेवर ठेवावयाचें आहे. पायवाटेस एवढा भारी दगड नको. ६० सेंटिमीटर लांब, २० उंच आणि ५ जाड असा पातळ ठोकळा पुरतो, आणि त्याचें वजन १४ किलोग्रॅमच्या आसपास असतें.

दगडाची उंची ३० सेंटिमीटर असली तरी वाटेच्या वर त्याचा १० ते १२ सेंटिमीटर भागच दिसावा. उरलेला भाग जमिनींत, आणि त्याखालीं १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर. म्हणजे वाटेच्या तयार पातळीपासून चर सुमारें ३० सेंटिमीटर खोल हवा. रुंदी ४० सेंटिमीटर असावी: १५ दगडाची, १५ त्याच्या पाठीमागें आणि १० पुढें. प्रथम दोन्ही टोकांचे दगड पाणसळीनें पक्के करावेत आणि त्यांच्यावरून दोरी ताणावी. मग एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू व सहा भाग खडी या प्रमाणांत कालविलेलें घट्टसर काँक्रीट चरांत पसरावें, आणि तें ओलें असतांनाच दगड त्यावर ठेवून लाकडी मोगरीनें हलके हलके ठोकीत दोरीस भिडवावा. थर वाळल्यावर मागाहून दगड ठेवणें म्हणजे पाटावर पाट ठेवण्यासारखें आहे. त्यांची जोड कधींच होत नाहीं. काँक्रीट थोडथोडेंच कालवावें; पाणी घातल्यापासून सुमारें अर्ध्या तासांत तें वापरून संपलेलें बरें.

यानंतर येतो तो या साऱ्या कामाचा गाभा, म्हणजे दगडाच्या पाठीचा आधार. चाक घासतें किंवा आंतील खडी रेटते, तेव्हां दगड बाहेरच्या बाजूस उलथूं पाहतो. त्याला अडविणारी वस्तु माती नव्हे. पावसानें भिजलेली माती बोटानेंहि दबते. म्हणून दगडाच्या पाठीशीं, त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत तरी, काँक्रीट चेपून भरावें आणि त्याचा माथा बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा. खालचा थर व हा आधार एकाच दिवशीं घातले म्हणजे दोहोंचें मिळून एक आसन होतें आणि दगड त्यांत खुर्चींत बसल्याप्रमाणें बसतो. यावर पुढें माती व हिरवळ येते, त्यामुळें तो कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. काम स्वस्तांत उरकावयाचें झाल्यास नेमका हाच भाग गाळला जातो, कारण तो गाळल्याचें त्या दिवशीं कोणालाच कळत नाहीं.

दोन दगडांमध्यें सुमारें एक सेंटिमीटर सांधा ठेवून तो सिमेंट-वाळूच्या मालानें भरावा. काँक्रीट उन्हानें वाढतें, याचेंहि भान ठेवावें. १० मीटर लांबीच्या ओळींत ३० अंशांच्या फरकानें सुमारें ३ मिलिमीटर वाढ होते. ही वाढ क्षुल्लक दिसते. पण तिला जागा न मिळाल्यास दगडांचे कोपरे उडतात. म्हणून अशा अंतरानें एक सांधा मालानें न भरतां डांबरांत भिजविलेल्या पट्टीनें भरावा. वळणावर पूर्ण लांबीचे दगड कोनाकोनानें बसतात व डोळ्यांस टोचतात. तेथें अर्धे किंवा त्याहून लहान तुकडे वापरावेत.

काँक्रीटच्या स्वभावाविषयीं एक गैरसमज फार रूढ आहे. तें वाळून कठीण होतें, असें लोक मानतात. वस्तुतः सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगानें तें कठीण होतें; पाणी लवकर उडून गेलें कीं हा संयोग अर्धवट राहतो. या संयोगास सिमेंटच्या वजनाच्या सुमारें एक चतुर्थांश पाणी लागतें. कालविण्याच्या सोयीसाठीं त्याहून अधिक घालावें लागतें. परंतु घमेल्यांतून सहज ओततां यावें म्हणून पातळ केलेल्या काँक्रीटमधून जास्तीचें पाणी उडून जातें आणि मागें सूक्ष्म छिद्रें राहतात. म्हणजे घालतांना पाणी मोजून घालावें, आणि घट्ट झाल्यावर सढळ हातानें द्यावें. ओलीं गोणपाटें टाकून निदान सात दिवस काम भिजतें ठेवावें, आणि तोंवर गाडी त्यावर किंवा त्याला लागून नेऊं नये.

हें काम करणाऱ्यांच्या जिवाचा विचारहि घरमालकानें केला पाहिजे. ओलें सिमेंट दाहक असतें. तें कातडीस भाजतें. हातमोजे व बूट मजुरास मिळाले आहेत कीं नाहीं, हें पाहावें. दगड यंत्रानें कापतांना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसांत जाऊन बसते व असाध्य रोग जडवूं शकते. म्हणून कापतांना पात्यावर पाण्याची धार असावी आणि तोंडावर धूळ अडविणारा योग्य मुखपट्टा असावा. ४८ किलोग्रॅमचा दगड एकट्यानें उचलूं नये, दोघांनीं उचलावा.

त्याचप्रमाणें, घरांत वृद्ध माणसें असतात, कोणी चाकांच्या खुर्चीवर असतें. गाडीला ज्या कांठाचें कांहींच वाटत नाहीं, तो त्यांना आडवा पडलेला डोंगर होतो. फाटकाशीं आणि पायरीशीं कांठ वाटेच्या पातळीस आणावा. १० सेंटिमीटर चढ असेल तेथें १२० सेंटिमीटर लांबीचा उतार दिल्यास खुर्ची सुखानें चढते. आंबा-फणसासारखें झाड वाटेशेजारीं असेल, तर त्याचें जाड मूळ तोडण्यापेक्षां कांठालाच थोडें वळण द्यावें. मूळ तोडलेलें झाड वाऱ्यांत घरावर येऊं शकतें.

गृहस्थानें प्रत्येक कामांत गवंड्याच्या डोक्यावर उभें राहावें, असा याचा अर्थ नव्हे. त्यानें फक्त दोन वेळां तेथें असावें. एक, चर खणून झाल्यावर व काँक्रीट पडण्यापूर्वीं. आणि दुसरी, पाठीमागें माती लोटली जाण्यापूर्वीं. पहिल्या वेळीं खोली मोजावी, दुसऱ्या वेळीं पाठीचा आधार डोळ्यांनीं पाहावा. रंगाची निवड, काळे-पांढरे पट्टे, या गोष्टी त्यानंतरच्या. पुढें पहिला मोठा पाऊस आला म्हणजे छत्री घेऊन वाटेवर जावें आणि पाणी कोणत्या दिशेनें वाहतें तें पाहावें. तें जोत्याकडे न वळतां बागेकडे जात असेल, आणि कांठालगत कोठेंहि डबकें सांचत नसेल, तर काम बरोबर झालें असें समजावें.