मर्सेडनंतरची चार दशकं

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या बाजूनं लढलेले लाओसचे हमोंग लोक निर्वासित होऊन कॅलिफोर्नियातल्या मर्सेडला आले. तिथं १९८२ साली ली कुटुंबात लिया जन्मली. तीन महिन्यांची असताना तिला पहिला झटका आला. रुग्णालयात पोचेपर्यंत झटका थांबलेला, आणि काय झालं ते सांगायला दुभाषा नाही. डॉक्टरांनी छातीचा संसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं. वाचता न येणाऱ्या कागदावर वडिलांनी सही केली. अपस्माराचं निदान व्हायला पुढचं वर्ष उजाडलं.

चार वर्षांत औषधं तेवीस वेळा बदलली. बाटल्यांवरचं इंग्रजी आईवडिलांना कळत नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे थोरल्या बहिणीनं दार आपटलं तेव्हा लियाचा आत्मा घाबरून पळाला होता. त्याला परत बोलावणं हाही उपचारच. गोळ्यांचा डोस चुकत गेला आणि १९८५मध्ये लियाला आईवडिलांकडून काढून परक्या घरी ठेवलं. डॉक्टर मनापासून झटत होते, म्हणून तर हे जास्तच जिव्हारी लागतं. १९८६च्या मोठ्या झटक्यानंतर ती शुद्धीवर आली नाही. काही दिवसांचीच सोबती म्हणून घरी पाठवलेल्या या मुलीला घरच्यांनी २०१२पर्यंत जपलं.

अ‍ॅन फॅडिमन यांनी १९९७मध्ये तिच्यावर लिहिलेलं पुस्तक अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत वाचलं जाऊ लागलं. तुम्हाला हा आजार कशानं झालासं वाटतं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, असे प्रश्न रुग्णाला विचारा, हे मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन १९७८पासून सांगतच होते. मर्सेडच्याच रुग्णालयानं पुढे हमोंग शामनांना, म्हणजे त्यांच्या पारंपरिक वैदूंना, रुग्णाच्या खाटेपाशी हळू आवाजात मंत्र म्हणायची, मनगटाला दोरा बांधायची रीतसर मुभा दिली. माझ्या मते हा बदल कायद्यांहून मोठा, कारण डॉक्टरांनी समोरच्याची समजूत ऐकून घेतली.

कायद्याचं म्हणाल, तर १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे २०००मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी भाषा-मदतीचा आदेश काढला. २०१६च्या नियमानं, तातडीची वेळ सोडून, लहान मुलांना दुभाषा म्हणून वापरायला मनाई केली. हे फार गरजेचं होतं. आईच्या गाठीबद्दल दहा वर्षांच्या मुलानं काय सांगावं, आणि मुलासमोर आईनं तरी काय बोलावं?

मार्च २०२५मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला राजभाषा जाहीर करून क्लिंटन यांचा आदेश रद्द केला. मूळ कायदा मात्र उभा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयानं दुभाषा फुकट द्यायचा असतो, आणि फोनवर मराठी दुभाषेही मिळतात. अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेले आपले कितीतरी आईवडील मुलाच्या नाहीतर सुनेच्या तोंडूनच डॉक्टरांशी बोलतात. लघवीची तक्रार, रात्रीची धास्ती त्यांच्यासमोर गिळून टाकतात. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा मागून घ्या.