तारेचा भाव आणि बाजारांतील गाडी

आगगाडी व तार यांनीं जग जवळ आणलें, हें वाक्य आम्हीं विद्यार्थ्यांकडून निबंधांत इतक्या वेळां लिहवून घेतलें कीं, तें एकदां तपासून पाहावें असें सुचलेंच नाहीं.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेना, तेव्हां मुंबईस कापसाचें सोनें झालें. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळला आणि शेअरांच्या नादीं लागलेलीं मातबर घराणीं बुडालीं. युद्धाच्या त्या वर्षांत विलायतेची बातमी टपालाच्या आगबोटीनें येई. तिला कित्येक आठवडे लागत. शेतकरी अंधारांत असे. व्यापारीही, सारखा नव्हे तरी, अंधारांतच असे.

पुढें १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० सालीं समुद्राखालची तार मुंबईस येऊन भिडली, आणि त्याच वर्षीं वऱ्हाडांत खामगांवास आगगाडीचा फाटा पोंचला. लिव्हरपूलचा भाव आतां तासांच्या हिशेबानें कळूं लागला. पण कोणास? तारेचा एकेक शब्द महाग, भाषा इंग्रजी. ती पेढीवर उतरे, शेतांत नव्हे. कापसाची गाडी बैलांच्या चालीनें बाजारांत शिरे, तेव्हां घेणारा दर जाणून बसलेला असे. दोघांमधील अंधार एकाच बाजूचा गेला.

आज न्यूयॉर्कचा भाव शेतकऱ्याच्या हातांतील फोनवरही दिसतो. तरी वेंचणी झाली कीं, मजुरी व कर्ज भागविण्यासाठीं त्यास कापूस विकावाच लागतो. भाव चढेपर्यंत थांबतो तो गोदामवाला.