कलावंताच्या घामाचा भाव



आपल्या घामाला रास्त भाव मिळावा, ही आपली जुनी मागणी. तरीही उसाला निदान काटा आहे. गाडी काट्यावर जाते, वजनाची पावती हातात पडते आणि आज ना उद्या बिल खात्यावर जमा होते. पण ज्याचा माल म्हणजे गळा, लेखणी किंवा ढोलकी, त्याने कुठल्या काट्यावर जायचे? "गाणं म्हणणं हे काय काम हाय व्हय?" असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. म्हणून आपल्याच मुलखातून मुंबईला गेलेल्या काही कलावंतांची हकीगत येथे देत आहोत.

वाटेगाव ते गिरणगाव

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावचा. मूळ नाव तुकाराम. शाळा घडली ती अवघी दीड दिवसाची. लहानपणीच वडिलांच्या मागोमाग पायी चालत त्यांनी मुंबई गाठली. तिथे हमाली केली, फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, गिरणीत काम केले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पत्रके वाचून.

त्या काळी परळ, लालबाग, चिंचपोकळी म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणची जणू दुसरी गावठाणेच होती. एकेका खोलीत दहा-पंधरा गडी पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. गावाकडे मनिऑर्डर करून उरलेल्या पैशांत तमाशा बघत. लालबागला हनुमान थिएटर होते. गावोगावचे फड तिथे येत आणि गिरणी कामगारांच्या जिवावर उभे राहत. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगारांचा संप झाला. पुढे गिरण्या थंडावल्या आणि तिथला तमाशाही उठला. गिऱ्हाईक गेले की कलावंताची चूल विझते, ती अशी.

याच वस्तीतल्या माणसांसाठी अण्णा भाऊ, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंनी तमाशाचा साज तोच ठेवला, पण आत शेतकऱ्याचे आणि कामगाराचे दुखणे घातले. त्यालाच पुढे लोकनाट्य म्हणू लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मैदाने गाजवली.

आता यात काम किती ते बघा. दिवसा पोटाचा धंदा, रात्री तालीम. संवाद पाठ पाहिजेत, डफ-तुणतुण्याचा मेळ बसला पाहिजे, आवाज टिकला पाहिजे. एका रात्रीच्या दोन तासांमागे महिन्या-महिन्याची मेहनत असते. उसाचा तोडा दिसतो, पण त्याआधीची लागण, भरणी आणि रात्रपाळीची पाणी पाजणी बघणाऱ्याला दिसत नाही, तसेच हे आहे.

मान मिळाला, पण कधी?

अण्णा भाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. वारणाकाठची माणसे त्यांनी पुस्तकात आणली. तमाशातल्या बाईचे जिणे 'वैजयंता'त मांडले. 'फकिरा'ला 1961 साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच साली ते रशियाला जाऊन आले. त्यांच्या कथांवर चित्रपटही निघाले. एवढे असून घरात सुबत्ता आली नाही. 18 जुलै 1969 रोजी हलाखीतच त्यांचा अंत झाला. वय होते अवघे 48. सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले ते 2002 साली. म्हणजे माल लोकांनी नेला, नावाजला, पण उत्पादकाच्या पदरात रास्त दाम काही पडला नाही. हे दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

परळच्या चाळीत वाढलेले कवी नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, मग शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवली, पुढे शिक्षक झाले. कवितेवर घर चालले नाही. घर चालवून त्यांनी कविता केली. 1995 साली ते परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांची गोष्ट जरा वेगळी. त्यांनी परळला बिऱ्हाड केले, स्वतःचा संच बांधला आणि 'यमराज्यात एक रात्र'सारखी मुक्तनाट्ये केली. शाहिरी हाच त्यांचा धंदा. 1998 साली ते पद्मश्री झाले. 2015 साली ते गेले. त्यांच्या आवाजाने घरोघर पोचलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत 2023 पासून आपले राज्यगीत आहे. पण ध्यानात घ्या, संच म्हणजे वीस-पंचवीस माणसांचा संसार असतो. गाडीभाडे, कपडे, वाद्ये, जेवणखाण हा सगळा खर्च खेळ होवो न होवो चालूच राहतो.

आपण काय करावे?

जत्रेला, हंगामाच्या शुभारंभाला किंवा सत्यनारायणाला आपणही फड, भजनी मंडळ, शाहीर बोलावतो. ठरवताना गोड बोलतो आणि खेळ संपल्यावर "वर्गणी कमी जमली, सांभाळून घ्या" म्हणतो. आपल्या बिलात कुणी असे सांभाळून घ्यायला सांगितले तर आपण गप्प बसू काय?

तेव्हा सुपारी ठरली की इसार द्यावा आणि आकडा कागदावर लिहावा. राहिलेली रक्कम त्याच रात्री, गाडी सुटण्यापूर्वी द्यावी. फडातल्या बायकांसाठी कपडे बदलायला आडोसा, पाणी आणि वेळेवर जेवण हे उपकार नव्हेत, तो त्यांचा हक्क आहे. शिवाय गावात कुणी थकलेला सोंगाड्या, ढोलकीवाला, गोंधळी असेल, तर त्याला राज्य सरकारच्या वृद्ध कलावंत मानधन योजनेची माहिती सांगावी. अर्ज भरायला आणि कागद गोळा करायला शिकल्या-सवरल्या पोरांनी मदत करावी.

येत्या जत्रेच्या बैठकीत पहिला विषय मांडवाचा न घेता कलावंतांच्या बिदागीचा घ्यावा, एवढीच सर्व सभासदांना विनंती.