ट्रेलर केवढा हवा?

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरात उतरून उरणच्या रस्त्याला लागलं की कंटेनरचे ट्रेलर दिसू लागतात. 20 फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर जागा असते. ती सगळी भरीव लोखंडाने भरली, तर वजन 250 टनांवर जाईल. कंटेनरला मालासह झेपतात जेमतेम 30 टन. आधी काय संपतं, जागा की वजन? तंबू-कयाक घेऊन सहलीला निघालात तर गाडीमागच्या छोट्या ट्रेलरलाही हाच प्रश्न विचारा.

तंबू, गाद्या नुसती जागा खातात. पाण्याचं उलट आहे: 40 लिटर कोपऱ्यात मावतं, पण भरतं 40 किलो. म्हणून सगळं सामान आधी अंगणात मांडा, वजन करा, मगच माप ठरवा. माझं मत विचाराल तर लांबी वाढवा, उंची नको. समोरचं क्षेत्रफळ वाढलं की हवेचा रोध तेवढाच वाढतो. वेग दुप्पट झाला की चौपट.

जड सामान तळाशी, चाकांच्या आसाच्या किंचित पुढे ठेवा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार जोडावर हवा. भार मागे गेला की ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो आणि वेगात गाडीलाच ओढून नेतो.